जांभळाचा मध चाखायचा कसा

"काकू, मध उतरलाय बहुतेक. कडसर लागतोय."

मागच्या जूनमध्ये समोरच्या फ्लॅटमधली मुलगी बाटली घेऊन दारात उभी होती. महाबळेश्वरहून येताना तिने हौसेनं घेतलेली, आणि पहिल्याच चमच्याला तोंड वाकडं झालेलं. मी झाकण काढून वास घेतला, करंगळीवर थोडा घेऊन चाटला. मध अगदी उत्तम होता. जांभळाचा होता, आणि जांभळाचा मध असाच लागतो. तिला बसवलं, दोन वाट्या काढल्या, आणि अर्ध्या तासानं तीच म्हणाली, "आता कळलं. आधी मी नुसताच गिळला होता."

तिला त्या दिवशी जे दाखवलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. माझे मामा महाबळेश्वर तालुक्यात सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. माझ्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांना त्या मधाचा वास आहे. पुढे पुण्यात एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काम केलं, त्यामुळे तोच मध सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही मिळाला. आता कर्वेनगरात राहते. दर मे महिन्यात गावाकडून बाटल्या येतात आणि त्या मी नोंद करूनच उघडते.

आधी एक गैरसमज दूर करते. जांभळाच्या मधाला जांभळाची चव नसते. तो जांभळाही नसतो. हा मध झाडाच्या फुलातल्या मकरंदाचा, फळाचा त्याच्याशी संबंध नाही. एकदा एका प्रदर्शनात मी 'जांभूळ मध' म्हणून बाटली घेतली. घरी येऊन उघडली तर सरबताच्या अर्कासारखा गोड जांभळी वास. फार वाईट वाटलं, कारण मामांचे उन्हातान्हातले हात डोळ्यांसमोर आले. तेव्हापासून बाटलीमागचा बारीक मजकूर मी चष्मा लावून वाचते. घटकांमध्ये 'मध' एवढंच असेल तर पुढे जायचं. 'जांभूळ अर्क', 'जांभूळ रस', 'स्वाद' असं काही असेल तर ती वस्तू वेगळी. खाण्याजोगी असेल, पण आपण जो मध शोधतोय तो हा नव्हे.

एका फुलाचा मध होतो कसा

चव समजायची तर हे समजायला हवं, म्हणून थोडं थांबते.

मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. सकाळी जांभळावर बसली तर ती फेरी जांभळाचीच. पण पेटीत हजारो माश्या, आणि प्रत्येकीची फेरी वेगळी. एखादं झाड आसपास भरभरून फुललेलं असेल तेव्हाच बहुतेक साऱ्याजणी त्याच्यामागे लागतात. महाबळेश्वरच्या रानात मार्च-एप्रिलमध्ये जांभळाचं असंच होतं. फूल बारीक, हिरवट पांढरं. पाकळ्या टोपीसारख्या एकदम गळून पडतात आणि उरतो तो पुंकेसरांचा झुपका, ज्याच्या तळाशी मकरंदाची वाटी असते. झाडाखाली गेलं की वरून सतत बारीक काहीतरी गळत असतं आणि झाड गुणगुणत असतं.

मधपाळाचं कौशल्य इथे लागतं. जांभूळ फुलायच्या आधी वरच्या कप्प्यातला जुना मध काढून घ्यायचा. फुलोरा संपत आला, घरं मेणानं बंद झाली, की लगेच नवा काढायचा. उशीर केला तर हिरडा, गेळा, आणखी काय काय त्यात मिसळतं. तो मधही चांगला, पण मग तो रानफुलांचा मध. मामा रोज संध्याकाळी एक चौकट उचलून उजेडाकडे धरायचे आणि किती घरं बंद झाली ते बघायचे. घाई केली तर मध पातळ राहतो. फुलातल्या मकरंदात पाण्याचा वाटा खूप मोठा असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात, आणि पुरेसा आटला की वर मेणाची टोपी बसवतात. ही टोपी म्हणजे माश्यांनी दिलेली तयार असल्याची खूण.

इतकं करूनही शंभर टक्के एका फुलाचा मध कुणीच देऊ शकत नाही. माश्यांना कुंपण घालता येत नाही. तपासणीत मधातले परागकण मोजतात. त्यात एका जातीचे ४५ टक्क्यांहून जास्त निघाले तर ते फूल प्रमुख मानायची पद्धत आहे. जांभळाचा परागकण लहान आणि त्रिकोणी. मी पहिल्यांदा मामांच्या मधाची काचपट्टी तयार केली तेव्हा सगळीकडे ते इवलेसे त्रिकोण पसरलेले दिसले. मधून मधून दुसरे गोल, काटेरी कण होतेच. मी धावत जाऊन मामांना ट्रंक कॉल लावला होता.

विकत घेताना काय विचारायचं

पहिला प्रश्न: मध काढला कधी? बाटलीवर भरल्याची तारीख असते, काढल्याची नसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सह्याद्रीतला जांभळाचा मध एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आत निघतो. कुणी "डिसेंबरचा ताजा जांभूळ मध" म्हणाला तर त्याला फुलोऱ्याचा महिना विचारा.

दुसरा: माशी कुठली? आपल्याकडे पेटीत सातेरी असते किंवा मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचं मोहोळ कड्यावर, उंच झाडावर, नाहीतर पुण्यात पाण्याच्या टाकीखाली. आग्या माशी लांब लांब फिरते आणि तिच्या पोळ्यातला आधीचा मध काढून कुणी ठेवत नाही, म्हणून आग्या मधावर एकाच फुलाचं नाव लिहिलेलं दिसलं की मी जरा जास्त चौकशी करते. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच हिंडते. पेटी जांभळाच्या दाटीत ठेवली तर मधात जांभूळ जास्त येणार हे सरळच आहे. मात्र सातेरीची पेटी वर्षाला चांगल्या हंगामात ५ ते १० किलो देते, मेलिफेराची त्याच्या कितीतरी पट. सातेरीचा मध महाग का, याचं उत्तर यात आहे.

तिसरा: यंत्रात फिरवून काढला की पोळं पिळून? पिळलेल्या मधात मेण, पराग, कधी अंडी-अळ्यांचा रसही उतरतो. चव गढूळ होते आणि मध लवकर आंबतो.

चौथा: गरम केला का? गाळायला सोपं जावं म्हणून मध तापवतात. तापवला की सुवास आधी जातो आणि रंग गडद होतो. म्हणून नुसत्या काळपट रंगावर जाऊ नका. जांभळाचा मध गडद असतो हे खरं, पण जुना आणि तापवलेला कुठलाही मध गडदच दिसतो.

विकणाऱ्याला ही चार उत्तरं येत असतील तर मी लहान बाटली घेते. महाबळेश्वरला जाणं झालं तर मांघर गावात जरूर जा. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे पेट्या बघायला मिळतात आणि हे प्रश्न थेट मधपाळालाच विचारता येतात.

घरगुती परीक्षांबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण फोनवर त्यांचे व्हिडिओ दर आठवड्याला येतात. पाण्यात थेंब टाकला आणि तळाशी गेला तर शुद्ध, म्हणे. साखरेचा घट्ट पाकही तळाशी जातो. वात मधात बुडवून पेटली तर शुद्ध, म्हणे. त्यातून फक्त पाणी कमी-जास्त कळतं. मुंग्या येत नाहीत तो खरा, म्हणे. मुंग्या खऱ्या मधालाही येतात, आमच्या ओट्यावर दरवर्षी येतात. या परीक्षांवर विसंबून लोक चांगला मध टाकून देतात आणि पाक विकत घेतात. प्रयोगशाळेलाही हे काम सोपं नाही. ऊस आणि मक्याची साखर एका चाचणीत पकडता येते, पण तांदळाचा पाक त्या चाचणीतून निसटतो, त्याला वेगळी तपासणी लागते. पुणेकरांचं भाग्य असं की मधमाशीवर संशोधन आणि प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून आपल्याच गावात, गणेशखिंड रस्त्यावर आहे. ज्याला मनापासून शिकायचं आहे त्यानं तिथे चौकशी करावी.

घरी एक गोष्ट मात्र मोजता येते, ती म्हणजे घट्टपणा. मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड. मापाच्या पेल्यात बरोबर १०० मिली घेतला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर पेल्याचं वजन वजा करून १४०च्या आसपास ग्रॅम यायला हवेत. १३५ च्या खाली आले तर मध पातळ आहे, लवकर संपवा. सातेरीचा मध मुळातच थोडा पातळ असतो, त्यामुळे एक-दोन ग्रॅमसाठी जीव टांगणीला लावू नका. आणि हे वजन शुद्धतेचा दाखला नाही, फक्त पाण्याचा.

चाखण्याची रीत

सकाळी, चहाच्या आधी. दात घासून तास झालेला असावा, पेस्टचा थंडावा सगळं बिघडवतो. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर बाल्कनीत बसा.

मध घरातल्याच तापमानाला हवा. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो तेव्हा मध जड होतो आणि वास देत नाही. अशा वेळी बंद बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. उलट एप्रिलच्या दुपारी मध इतका सैल होतो की चव पळून गेल्यासारखी वाटते. सकाळच का, ते यातून कळेल.

एका लहान वाटीत चमचाभर मध घ्या. वर ताटली झाका. वाटी दोन्ही तळव्यांत धरून मिनिटभर तशीच ठेवा, हाताची ऊब पुरते. मग झाकण सरकवून नाक जवळ न्या आणि छोटे छोटे दोन-तीन श्वास घ्या. एक मोठा श्वास घेतला तर नाक लगेच थकतं. जांभळाच्या मधाचा वास फुलांसारखा नाजूक नसतो. मला त्यात आधी काकवी येते, मग ओल्या लाकडाचा, साली काढलेल्या फांदीचा वास. काहींना चिंचेच्या कोळाची आठवण होते. तुम्हाला जे आठवेल ते लिहून ठेवा. ते चूक नसतं.

आता स्टीलच्या चमच्याच्या टोकावर अर्धा लहान चमचा. धातूचा चमचा लावला की मध बिघडतो ही भीती सोडा. मध आंबटसर असतो, म्हणून तो तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये हे खरं. पण क्षणभर चमचा लागल्यानं काही होत नाही. मध जिभेच्या टोकावर ठेवा आणि गिळू नका. जिभेनं टाळूवर पसरवा, तोंड मिटा, नाकानं श्वास सोडा. मनात तीसपर्यंत मोजा.

पहिल्या पाच आकड्यांत गोडवा येतो. तो मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या मधाइतका झणकन येत नाही. गुळाच्या पाकासारखा, जरा खालच्या पट्टीत. साधारण दहाव्या आकड्याला जिभेच्या कडांना कळेल की काहीतरी आखडतंय. हा तुरटपणा. पिकलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाडसर होते तो भास, फक्त त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. आता गिळा. गिळल्यानंतर घशाच्या वरच्या बाजूला एक कडसर धार येते, आणि ती मिनिटभर राहते. समोरची मुलगी इथेच दचकली होती. तिच्या जिभेनं साखर अपेक्षिली होती.

या कडसरपणाला दोष समजू नका. आयुर्वेदातही मधाचा रस मधुर सांगून त्यामागे कषाय, म्हणजे तुरट, अनुरस सांगितलेला आहे. नुसता गोड आणि काहीही मागे न ठेवणारा मध मिळाला तर मामा गप्प बसून तो बाजूला ठेवायचे. जांभळाच्या मधातली ती धार त्याची सही आहे, आणि ती जिथे सापडत नाही तिथे मी बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवत नाही.

खराब झालेल्या मधाची चव वेगळी असते, ती ओळखायला शिका. आंबलेल्या मधाचं झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, वर बुडबुड्यांचा थर, आणि वास दारूसारखा. कडू आणि आंबलेलं यात गल्लत करू नका. जळका, करपलेल्या साखरेचा कडूपणा असेल तर मध तापवलेला आहे. जांभळाचा कडूपणा स्वच्छ असतो, घसा खवखवत नाही.

एकाच बाटलीवरून काही कळत नाही. तुलना हवी. मी तीन वाट्या ठेवते, जास्त नाहीत. चौथ्याला जीभ ऐकत नाही. फिक्यापासून गडदाकडे जायचं. आधी मोहरीचा किंवा लिचीचा. मोहरीचा मध थोड्याच दिवसांत थिजून लोण्यासारखा होतो, त्याला एक बारीकसा तिखटपणा असतो. लिचीचा बिहारकडून येतो, हलका आणि सुगंधी. मग जांभूळ. शेवटी मिळाला तर कारवीचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सगळी मिळून फुलते, म्हणून तो मध रोजचा नव्हे. दाट, गडद, चमच्यावरून उतरायला वेळ लावणारा. जांभळानंतर कारवी घेतली की जांभळाची धार किती बारीक आहे ते समजतं. दोन मधांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि चार ज्वारीच्या लाह्या. पोळीचा तुकडाही चालतो, पण लाह्यांना स्वतःची चव कमी.

नोंद ठेवा. माझ्या वहीत दर वर्षाला एक पान आहे: गाव, काढल्याचा आठवडा, रंग (खिडकीत पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचा), वास, तीस आकड्यांत काय काय झालं. दोन वर्षांचा मध सारखा कधीच नसतो. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला की मकरंद धुऊन जातो, माश्या दुसऱ्या फुलांकडे वळतात, आणि त्या वर्षीच्या पानावर मी 'धार कमी' असं लिहिलेलं सापडतं. दरवर्षी अगदी हुबेहूब तीच चव देणाऱ्या बाटलीबद्दल मला जिव्हाळा वाटत नाही.

कशाबरोबर खावा

चहात घालू नका. उकळत्या चहात सुवास मरतो आणि तुरटपणा दुप्पट होतो, कारण चहा स्वतःच तुरट. गरम दुधाचंही तेच.

जांभळाच्या मधाला स्निग्ध आणि आंबट सोबती लागतो. नाचणीची गरम भाकरी, वर पांढरं लोणी, आणि लोणी वितळायला लागलं की वरून मधाची बारीक धार. लोण्यानं कडसरपणा मऊ होतो आणि नाचणीचा मातकट वास त्याला जवळचा. मामींकडे सकाळची न्याहारी हीच होती. पुण्यात आल्यावर मला दुसरी जोडी सापडली ती पुरंदरच्या अंजिरांची. मंडईत मार्च ते मे चांगली पिकलेली अंजिरं येतात. अंजीर उभं चिरायचं, मध्ये चमचाभर टांगलेला चक्का, वर चार-पाच थेंब जांभळाचा मध. साखर अजिबात नको. अंजिराला गोडी भरपूर पण टोक नसतं, ते टोक मध देतो. नवा मध येतो आणि अंजिरं संपत येतात, असे मोजके दिवस मिळतात. मी त्या दिवसांत बाहेरगावी जात नाही.

आमरसात मात्र चुकूनही नको. दोघांचं पटत नाही. श्रीखंडातही साखरेच्या जागी सगळा हाच मध घातला तर रंग मळकट होतो. वरून थोडा घेतलेला बरा.

एक गोष्ट गांभीर्यानं. जांभूळ मधुमेहाला चांगलं म्हणतात, म्हणून जांभळाचा मध मधुमेह्यांना चालतो असं सर्रास सांगून विकतात. ते चूक आहे. जांभळाच्या बियांची पूड औषधात वापरतात, मधात ती नसते. मध म्हणजे मुख्यतः साखरच, फळातली आणि द्राक्षातली असते तीच. कडसर लागला म्हणून साखर कमी होत नाही. माझ्या थोरल्या जावेला मी स्वतः नाही म्हणाले, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका असं सांगितलं. तसंच वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाही मध चाटवू नका. आपल्याकडे चाटवायची रीत आहे, मी जाणते. पण मधात असू शकणारे एका जिवाणूचे बीजाणू इतक्या लहान आतड्याला झेपत नाहीत, आणि त्यातून होणारा आजार जिवावर बेतू शकतो.

ठेवायचा कसा

काचेची बरणी, घट्ट झाकण, गॅसपासून लांबचं कपाट. फ्रिजमध्ये नको. तिथल्या गारव्यात मध जड होतो आणि वास देत नाही. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर मध हवेतलं पाणी ओढतो, म्हणून जून ते सप्टेंबर मी मोठ्या बरणीतून आठवड्यापुरता छोट्या बाटलीत काढून घेते. ओला चमचा कधीच नाही. घरातल्या सगळ्यांना हे सांगून झालंय, तरी वर्षातून एकदा कुणीतरी घालतंच, मग ती बाटली आधी संपवायची.

थिजला तर घाबरू नका, खरा मधही थिजतो. माझ्याकडचा जांभळाचा सहसा दिवाळीपर्यंत वाहता राहतो, मग तळाशी बारीक रवा धरतो. बोट सहज बुडवून ठेवता येईल इतक्याच गरम पाण्यात बरणी ठेवायची, पाणी निवलं की बदलायचं. मायक्रोवेव्ह नको, कडा जळतात आणि मध्ये थंड राहतो. खरं तर मी तो रवा तसाच खाते, भाकरीवर छान लागतो.

आणि पुढच्या मार्चअखेर एक काम करा. तुमच्या आसपास जांभळाचं झाड शोधा. विद्यापीठाच्या आवारात आहेत, आमच्याकडे कालव्याच्या कडेला एक आहे. सकाळी सात-आठच्या सुमारास, उन्हं तापायच्या आत, त्याच्याखाली दहा मिनिटं उभं राहा. वर बघू नका, डोळ्यांत फुलं पडतात. आवाज ऐका, वास घ्या, खांद्यावर पडलेला पुंकेसरांचा झुपका बोटांनी चुरून बघा. घरी येऊन मागच्या वर्षीची बाटली उघडा आणि वाटीवरचं झाकण सरकवा.